‘ग्राम’मधला ‘राम’: मजकुरातील शोधाविषयी प्रस्तावना

‘ग्राम’ या शब्दात ‘राम’ आहे का, असे पायथन भाषेला विचारले तर ती ‘आहे’ म्हणते. फाइंड या फंक्शनला विचारले तर राम दोन या क्रमांकावर सुरू होतो, असेही कळते, मोजणी शून्यापासून. ‘संग्राम’ आणि ‘विश्राम’ यांतही त्याला राम सापडतो. ‘शाळेत’ या शब्दात ‘शाळा’ मात्र नाही, असे तेच फंक्शन सांगते. आणि ‘दुसऱ्या’ हा शब्द पडद्यावर स्वच्छ दिसत असताना तोच शब्द शोधायला दिला, तर उत्तर ‘आहे’ येईल की ‘नाही’, हे मूळ मजकूर कोणत्या कळफलकावरून टंकला गेला यावर ठरते. मराठी वाचणाऱ्याला या तिन्ही ठिकाणी यंत्र चुकले असे वाटेल. तसे ते चुकलेले नाही. त्याला जे विचारले गेले त्याचे नेमके उत्तर त्याने दिले. आपल्याला जे विचारायचे होते ते आपण विचारलेच नव्हते. मजकुरात शोध घेणारी अंगभूत फंक्शन्स हा या पुस्तकाचा विषय आहे आणि त्यामागची भूमिका एकच आहे: ही फंक्शन्स साधी आहेत ते योग्यच आहे, त्यांना हुशार करण्याच्या मागे लागू नये, पण दोन शब्द ‘सारखे’ केव्हा मानायचे हा निर्णय त्यांच्यावर सोडून देता येत नाही. तो भाषा जाणणाऱ्याने घ्यायचा असतो, आणि उघडपणे, शोधाच्या आधी आणि नंतर, कोडमध्ये लिहून ठेवायचा असतो.

आधी या साधेपणाची किंमत नीट समजून घेऊ. एका मजकुरात दुसरा मजकूर कुठे आहे, हा संगणकाला विचारल्या गेलेल्या सर्वांत जुन्या प्रश्नांपैकी एक. बेल लॅबोरेटरीजमध्ये १९६२ साली स्नोबॉल ही भाषा तयार झाली ती मुख्यतः मजकुरावर काम करण्यासाठीच. त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक भाषेने शोधाची सोय पोटातच ठेवली. सी भाषेतले स्ट्रस्ट्र, टर्बो पास्कलमधले पॉस, बेसिकमधले इनस्ट्र, जावास्क्रिप्टमधले इंडेक्सऑफ, पीएचपीमधले स्ट्रपॉस, एसक्यूएलमधले लाइक ही सगळी एकाच गोत्रातली. एक्सेलमध्ये तर अशी दोन फंक्शन्स शेजारी शेजारी आहेत: फाइंड हे इंग्रजीतील लहान आणि मोठी अक्षरे वेगळी धरते, सर्च धरत नाही. आपण हाताने लिहू शकतो असे हे काम वाटते. दोन लूप लिहिले की झाले. पण दोन लूपची ती पद्धत प्रतिकूल मजकुरावर भयंकर मंद होते, आणि ती वेगवान कशी करायची यावर नामांकित माणसांनी वर्षे घालवली आहेत. डोनल्ड कनुथ, जेम्स मॉरिस आणि व्हॉन प्रॅट यांचा शोधपद्धतीवरचा निबंध १९७७ चा. रॉबर्ट बॉयर आणि जे मूर यांचाही त्याच वर्षीचा. बॉयर-मूर पद्धतीची गंमत अशी की ती शोधशब्द शेवटाकडून ताडून पाहते आणि त्यामुळे मजकुरातली कित्येक अक्षरे न वाचताच पुढे उडी घेते. २०२१ साली आलेल्या पायथन ३.१० मध्ये लांब मजकुरांसाठी फाइंडच्या आत मॅक्सिम क्रोशेमोर आणि डॉमिनिक पेरँ यांची १९९१ ची पद्धत बसवली गेली, कारण तोवरची पद्धत एरवी चपळ असली तरी काही विशिष्ट मजकुरांवर अडून बसत असे. आपल्या प्रोग्राममधली एक ओळ इतक्या लोकांच्या श्रमावर उभी असते. ती ओळ नव्याने लिहायला जाऊ नये, हा या पुस्तकातला पहिला सल्ला.

या साऱ्या विद्वत्तेने सोडवलेला प्रश्न मात्र एकच आहे: आकड्यांच्या एका रांगेत आकड्यांची दुसरी रांग कुठे बसते. ‘मराठी’ हा शब्द आपण तीन अक्षरांचा मानतो. पायथन किंवा जावास्क्रिप्ट त्याची लांबी पाच सांगते, कारण म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी यांना युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेतांक आहेत. पीएचपीचे स्ट्रलेन त्याच शब्दाची लांबी पंधरा सांगते, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक संकेतांकाला तीन बाइट लागतात आणि ते फंक्शन बाइट मोजते. तिन्ही उत्तरे खरी आहेत; एकके वेगळी आहेत. आता ‘ग्राम’ पाहू. त्याची रांग अशी: ग, पाय मोडण्याचे चिन्ह, र, काना, म. यातले शेवटचे तीन संकेतांक म्हणजेच ‘राम’. डोळ्याला ‘ग्रा’ हे एक जोडाक्षर दिसते आणि त्याच्या पोटातला र सुटा काढता येत नाही. रांगेत तो सुटाच बसलेला असतो. वेलांटीचेही तसेच. पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी येते, रांगेत अक्षरानंतर येते. म्हणजे मजकूर साठवण्याचा क्रम उच्चाराचा आहे, दिसण्याचा नाही. हे एकदा मनात पक्के बसले की फंक्शनची बहुतेक उत्तरे आधीच सांगता येतात.

इथे एक गोष्ट यूटीएफ-८ च्या बाजूने सांगितलीच पाहिजे, कारण बाइट मोजणारी फंक्शन्स मराठीला निरुपयोगी आहेत असा समज बराच पसरलेला आहे. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली ही पद्धत आखली तेव्हा संकेतांकाचा पहिला बाइट आणि पुढचे बाइट कधीच एकमेकांसारखे नसतील अशी काळजी घेतली. त्यामुळे शुद्ध यूटीएफ-८ मजकुरात बाइटवार शोध घेतला तरी तो एखाद्या संकेतांकाच्या मधोमध जाऊन खोटी जुळणी दाखवू शकत नाही. देवनागरी संगणकावर रुळण्याच्या कितीतरी आधी लिहिलेले सीमधले स्ट्रस्ट्र मराठीत ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढे उत्तर अगदी बरोबर देते. फक्त जागेचा आकडा बाइटमध्ये येतो: ‘ग्राम’मधल्या ‘राम’ची जागा पायथन दोन सांगेल, गो भाषा सहा सांगेल. दोन भाषांत लिहिलेले भाग एकमेकांना हा आकडा देऊ लागले की गोंधळ सुरू होतो, म्हणून आकड्याबरोबर एककही सांगण्याची सवय लावून घ्यावी.

उत्तर कोणत्या रूपात येते याबद्दल थोडे. सापडले नाही तर पायथनचे फाइंड उणे एक देते, तर त्याचेच भावंड इंडेक्स चूक म्हणून थांबते. टर्बो पास्कल एकपासून मोजते आणि न सापडल्यास शून्य देते. पीएचपीचे स्ट्रपॉस न सापडल्यास ‘असत्य’ देते, पण शब्द अगदी सुरुवातीला सापडला तर शून्य देते आणि सैल तुलनेत शून्य व असत्य एकच ठरतात. पायथनमध्ये उणे एक हा आकडा जागा म्हणून वापरला तर तो मुकाट्याने शेवटचे अक्षर काढून देतो. या जागा माहितीच्या आहेत आणि हळूहळू दुरुस्तही होत आहेत. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ साली इन्क्लूड्स आले, पीएचपीच्या आठव्या आवृत्तीत २०२० साली स्ट्रकंटेन्स आले. दोन्ही फक्त होय किंवा नाही सांगतात. केवळ अस्तित्व विचारायचे असेल तिथे अशीच फंक्शन्स वापरावीत. या विषयाला पहिल्या प्रकरणापलीकडे जागा दिलेली नाही, कारण इथली चूक पहिल्या चाचणीतच पकडली जाऊ शकते. खरी अडचण उत्तर बिनचूक दिसत असताना ते भलत्याच प्रश्नाचे असते तिथे आहे.

‘दुसऱ्या’ शब्दातला अर्धा र घ्या. युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ, ज्याचा संकेतांक सोळा आधाराच्या मोजणीत ०९३१ आहे, आणि त्याला जोडून पाय मोडण्याचे चिन्ह. दुसरी, साधा र, पाय मोडण्याचे चिन्ह आणि त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे जागा न घेणारे, न दिसणारे जोडचिन्ह. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपे अगदी एकसारखी दिसतात. ‘ॲप’, ‘ॲड’ यांतला ॲ हा २००८ साली युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत आला. त्याआधीचा आणि नंतरचाही बराच मजकूर साध्या अ वर चंद्र ठेवून लिहिलेला आहे. याही दोन रूपांत डोळ्याला फरक दिसत नाही. उलट मराठी वळणाचा आणि हिंदी वळणाचा ल किंवा श डोळ्याला वेगळा दिसतो, पण तो फॉन्टचा फरक असतो, संकेतांक एकच. एकूण काय, जे सारखे दिसते ते सारखे असेलच असे नाही आणि जे वेगळे दिसते ते वेगळे असेलच असेही नाही. शोधणाऱ्या माणसाला हा फरक पाहण्याचे काही साधनच नसते. म्हणून ‘वापरणाऱ्याने नीट टंकावे’ हे उत्तर इथे लागू होत नाही. त्याने नीटच टंकलेले असते.

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला असतो: युनिकोडने यासाठीच नॉर्मलायझेशनची सोय केली आहे, ती आधी चालवा म्हणजे झाले. ती चालवावीच, पण तिचे वचन किती आहे ते पाहावे. ऱ हा संकेतांक आणि र व खालचे टिंब ही जोडी यांना ती एक करते. झीरो विड्थ जॉइनरच्या रूपाला ती हात लावत नाही, आणि अ वरच्या चंद्राला ॲ करत नाही, कारण युनिकोडच्या नियमांत ही रूपे समतुल्य म्हणून नोंदलेलीच नाहीत. मग पुढचा उपाय सुचतो तो असा की न दिसणारी सगळी चिन्हे मजकुरातून पुसून टाकावीत. मराठीत हा उपाय घातक आहे. ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना आणि ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना. पहिला शब्द जोडचिन्हाच्या रीतीने लिहिलेला असेल आणि ते चिन्ह पुसले, तर उरते ते रफाराचे रूप, म्हणजे दुसरा शब्द. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांचीही हीच गत. सफाईच्या एका ओळीने दोन अर्थ कायमचे एकत्र होतात आणि नंतर ते वेगळे करता येत नाहीत. बरोबर क्रम असा: आधी र, पाय मोडण्याचे चिन्ह आणि जोडचिन्ह हे तिन्ही जिथे लागोपाठ येतील तिथे ऱ चे रूप घालावे, आणि मगच उरलेल्या अदृश्य चिन्हांचा विचार करावा. हा क्रम कुठल्याही अंगभूत फंक्शनमध्ये मिळत नाही. तो ठरवायला संगणकशास्त्र फारसे लागत नाही, मराठी लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भाषेच्या रचनाकारांनीच हे काम का करू नये? शोधाचे फंक्शन मुळातच माणसाच्या भाषेची समज ठेवून का लिहू नये? स्विफ्टने या दिशेने बरीच वाट चालली आहे: तिच्यातले अक्षर म्हणजे संकेतांक नसून वाचकाला एकसंध वाटणारा संकेतांकांचा समूह, आणि युनिकोडने समतुल्य मानलेली रूपे ती समान धरते. हे एकक स्वतःच मात्र बदलत असते. युनिकोडच्या १५.१ आवृत्तीपर्यंत, म्हणजे २०२३ पर्यंत, प्रमाण नियमांनुसार देवनागरीतले जोडाक्षर पाय मोडण्याच्या चिन्हानंतर तुटत असे. त्या आवृत्तीत ते अखंड मानले गेले. बदल आपल्या फायद्याचा आहे, पण त्याचा अर्थ असाही की अक्षरसमूह मोजणाऱ्या प्रोग्रामचे उत्तर युनिकोडच्या आवृत्तीवर ठरते. डॉटनेटचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथे इंडेक्सऑफला स्ट्रिंग दिली तर ते न सांगताच स्थानिक संस्कृतीचे नियम लावून तुलना करते, तर कंटेन्स निव्वळ संकेतांक पाहते. २०२० साली डॉटनेट ५ ने विंडोजवर या नियमांसाठी आयसीयू ही लायब्ररी वापरायला सुरुवात केली, आणि ओळ संपण्याची दोन चिन्हे लागोपाठ असलेल्या मजकुरात नवी ओळ शोधणाऱ्या इंडेक्सऑफने उणे एक द्यायला सुरुवात केली. एकाच मजकुराबद्दल एक फंक्शन ‘आहे’ म्हणत होते, दुसरे ‘कुठेच नाही’. वर्षानुवर्षे चाललेले प्रोग्राम, त्यांत एक अक्षरही न बदलता, वेगळे वागू लागले. भाषेची समज आतल्या आत, न बोलता घातली की ती कधी आणि कोणी बदलली याचा पत्ता वापरणाऱ्याला लागत नाही. म्हणून आयसीयूसारखी साधने जरूर वापरावीत, पण नाव घेऊन, त्यांचे पर्याय स्वतः लिहून. मुळातले साधे फंक्शन आकड्यांच्या रांगाच ताडत राहो.

‘फाइंड सोडा, रेग्युलर एक्स्प्रेशन वापरा’ हा तिसरा आक्षेप. शब्दाची कड ओळखणारे चिन्ह दोन्ही बाजूंना लावले की ‘ग्राम’मधला राम वगळला जाईल, असे कुणीही म्हणेल. पायथनच्या अंगभूत मॉड्यूलमध्ये करून पाहावे: राम तरीही सापडतो. कारण त्या मॉड्यूलच्या लेखी शब्दाचे अक्षर म्हणजे वर्ण, अंक किंवा अधोरेखा. काना, वेलांटी, उकार आणि पाय मोडण्याचे चिन्ह त्यात मोडत नाहीत. म्हणून ‘ग्’ आणि ‘रा’ यांच्या मध्ये त्याला शब्दाची कड दिसते. त्याच मॉड्यूलला ‘मराठी’ या शब्दातले शब्द वेगळे करायला सांगितले तर ते ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे काढून देते. जावास्क्रिप्टमध्ये तर तेच चिन्ह केवळ रोमन अक्षरे, इंग्रजी अंक आणि अधोरेखा ओळखते. देवनागरी त्याच्या लेखी शब्दच नाही. अंकांचाही असाच प्रश्न आहे: पायथनमध्ये अंक दर्शवणारे चिन्ह देवनागरी अंकांनाही जुळते, जावास्क्रिप्टमध्ये जुळत नाही, आणि पायथन ‘२०२४’ हा मजकूर संख्येत बिनतक्रार बदलून देत असले तरी इंग्रजी अंकांत लिहिलेले तेच वर्ष शोधले तर फाइंड त्याला ओळखत नाही. रेग्युलर एक्स्प्रेशन हे बलवान साधन आहे आणि या पुस्तकाची दोन प्रकरणे त्यासाठीच आहेत. पण ते साधन स्वतःबरोबर शब्दाची एक व्याख्या घेऊन येते आणि ती व्याख्या करताना कुणी मराठी समोर ठेवलेली नव्हती. साध्या फाइंडची उणीव निदान उघडी असते. इथली उणीव झाकलेली असते, म्हणून ती अधिक महाग पडते.

मग कड कशी ओळखायची? इथे मराठीची घडणच उत्तर देते, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वांत रसाळ भाग आहे. मराठी शब्द विकार पावतो तो बहुतेक शेवटाकडे. राम, रामा, रामाला, रामाचा. घर, घरात, घराबाहेर. म्हणजे जुळणीच्या उजव्या बाजूला लगेच काना किंवा मात्रा आली तरी शब्द तोच असण्याची शक्यता मोठी; ती जुळणी टाकून दिली तर ‘रामाला’ हातचा जाईल. डाव्या बाजूचे तसे नाही. जुळणीच्या लगेच आधी पाय मोडण्याचे चिन्ह असेल तर तो जोडाक्षराचा तुकडा आहे, टाकून द्यावा. आधी दुसरे अक्षर वा मात्रा असेल तर ‘आराम’सारखा वेगळा शब्द असण्याचा संभव आहे, बाजूला काढावा. डावीकडे कडक आणि उजवीकडे सैल, हा नियम फाइंडने दिलेल्या जागेच्या आधीचा एक संकेतांक पाहून चार-पाच ओळींत लिहिता येतो. तो परिपूर्ण नाही. ‘तुकाराम’ आणि ‘श्रीराम’ हवे असणाऱ्याला तो अडवेल, कारण समासात शब्द डावीकडूनही जोडला जातो. आणि उजवीकडच्या सैलपणामुळे ‘रामफळ’ही येईल. नियमाला अपवाद आहेत म्हणून नियमच नको असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगायचे की नियम न लिहिण्यानेही एक नियम लागू होतोच, आणि तो ‘ग्राम’मध्ये राम शोधणारा असतो.

शब्दाचे मूळ रूपच बदलते तिथे हा नियम पुरत नाही. ‘शाळा’चे सामान्यरूप ‘शाळे’, ‘पाणी’चे ‘पाण्या’, ‘पाऊस’चे ‘पावसा’, ‘मूल’चे ‘मुला’. इथे फाइंडला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढे न बदलणारा भाग ठेवण्याचे काम आपले. ‘पाण’ एवढेच शोधले तर पाणी आणि पाण्यात दोन्ही मिळतील, पण पाणबुडी आणि पाणउताराही येतील. एकापेक्षा अधिक रूपे तयार करून ती एकेक शोधणे हा जास्त शिस्तीचा मार्ग, आणि मराठी व्याकरणात सामान्यरूपाचे नियम इतके तपशिलाने मांडलेले आहेत की त्यांतले मोठ्या वापराचे नियम प्रोग्राममध्ये उतरवणे अवघड नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न याला लागूनच येतो. इंग्रजीत लहान-मोठ्या अक्षरांकडे दुर्लक्ष करण्याची सोय प्रत्येक भाषेत हाताशी असते. देवनागरीत तसा भेदच नसल्यामुळे ती आपल्या काही कामाची नाही. आपल्याकडे त्या जागी उभा राहतो तो ऱ्हस्व-दीर्घाचा भेद. ‘पूर्ण’ शोधणारा ‘पुर्ण’ टंकतो आणि रिकाम्या हाताने परततो. दोन्ही बाजूंच्या वेलांट्या आणि उकार एकाच रूपात आणून मग तुलना केली तर तो परतणार नाही; पण मग ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘शिर’ आणि ‘शीर’ एक होतात. जुन्या मजकुराची अडचण याच जातीची. १९६२ च्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले, त्यामुळे त्याआधीच्या पुस्तकांत ‘कांहीं’ आणि ‘नांव’ भेटतात. सगळी टिंबे पुसून शोध घेतला तर ते सापडतील, पण ‘त्याचा’ आणि ‘त्यांचा’ यांतला फरकही त्याबरोबर पुसला जाईल. या प्रत्येक ठिकाणी कमी सापडणे आणि जास्त सापडणे यांत निवड करावी लागते. माझे मत असे की आधी काटेकोर शोध घ्यावा, त्याची उत्तरे वर ठेवावीत, मग सैल शोधाची उत्तरे खाली, वेगळी म्हणून दाखवावीत. शोधणाऱ्याला दोन्ही मिळतात आणि कोणते कशामुळे आले हेही कळते.

आता अर्थ ओळखून शोध घेणारी यंत्रे आली आहेत, मग अक्षरांचा हा खटाटोप कालबाह्य नाही का, हा आजचा आक्षेप. अर्थावर चालणारा शोध ‘शाळा’ विचारल्यावर ‘विद्यालय’ही दाखवतो, आणि वाचन-अभ्यासासाठी ते फार उपयोगी आहे. पण मतदार यादीत एखादे नाव आहे की नाही, सातबाऱ्यावर कोणत्या खातेदाराची नोंद आहे, कराराच्या मसुद्यात अमुक शब्दप्रयोग किती ठिकाणी आला आहे, या प्रश्नांना ‘साधारण तसेच’ असे उत्तर चालत नाही. तिथे उत्तर होय किंवा नाही असते, ते पुन्हा विचारल्यावर तेच यावे लागते, आणि ते का आले हे दाखवता यावे लागते. साधा शोध या तिन्ही अटी पाळतो. शिवाय अर्थ ओळखणाऱ्या यंत्रापुढेही शेवटी संकेतांकांच्या रांगाच येतात. त्यांत अर्ध्या र ची दोन रूपे विखुरलेली असली तर ती तिथेही दोनच राहतात. मजकूर एकदा नीट केला की त्याचा लाभ दोन्हींना होतो.

शोधाआधी मजकूर बदलण्याची दोन बंधने मात्र आहेत आणि ती सुरुवातीलाच सांगून ठेवतो. पहिले, शोधाची जागा नीट केलेल्या मजकुरातली असते, मुळातली नव्हे. अर्ध्या र चे तीन संकेतांक दोन झाले की पुढच्या प्रत्येक जागेचा आकडा एकाने सरकतो आणि पडद्यावर रंगवायचा शब्द बाजूलाच रंगतो. म्हणून मूळ मजकूर कधीही पुसू नये, आणि नीट केलेल्या प्रत्येक संकेतांकाबरोबर त्याची मुळातली जागा ठेवावी. दुसरे, शोधशब्दातून चिन्हे काढता काढता तो रिकामा झाला आहे का, हे प्रत्येक वेळी तपासावे. रिकामी स्ट्रिंग प्रत्येक मजकुराच्या सुरुवातीला सापडते, असे पायथन, जावास्क्रिप्ट आणि सी या तिन्ही भाषा मानतात. गणिताच्या दृष्टीने ते बरोबर आहे, पण चुकून टंकलेल्या एका अदृश्य चिन्हामुळे लाखभर नोंदींची अख्खी यादी वापरणाऱ्यापुढे ओतली जाऊ शकते.

पुस्तकातली उदाहरणे पायथनमध्ये आहेत, कारण ती वाचायला सोपी जातात आणि तिच्यात स्ट्रिंगचे एकक संकेतांक हेच आहे. जावास्क्रिप्ट आणि पीएचपी वेगळे वागतात तिथे तसे नोंदवले आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दिलेले तपासणीचे शब्द, म्हणजे ग्राम, आराम, रामाला, आचाऱ्यांना, आचार्यांना, पाण्यात, दीन आणि त्यांच्यासारखे आणखी काही, वाचकाने आपल्या स्वतःच्या प्रोग्रामवर चालवून पाहावेत आणि त्यांत आपल्या भागातली गावांची आणि माणसांची नावे घालावीत. पहिली दोन प्रकरणे ज्यांना संकेतांकांची ओळख आहे त्यांनी सोडली तरी चालेल. तिसऱ्यापासून मात्र क्रमाने वाचावे, कारण मजकूर नीट करण्याची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे.